राखीव जागा

रेल्वेच्या डब्यात हारुकाच्या राखीव जागेवर चौघे जण पत्ते कुटत बसले होते. पुस्तकातलं मराठी शिकून जपानहून एकटीच आलेली हारुका बॅग छातीशी धरून "कृपया" म्हणाली, पण कुणी मानही वर केली नाही.

समोरच्या पारूबाईंनी तिला जवळ ओढलं. "पोरी, लांबचा प्रवास हाय, लाजून कसं चालंल?" असं म्हणत त्यांनी तिच्या कानात चार शब्द सांगितले. "आता पोटातनं आवाज काढ."

हारुकानं डोळे मिटले.

"उठा, जागा माझी हाय!"

चौघे मुकाट्यानं उठले. आयुष्यात पहिल्यांदाच ती कुणावर ओरडली होती. खिडकीशी बसताना तिला हसू आवरेना.

पत्ते गोळा करत एकजण अदबीनं म्हणाला, "बाई, गाव कोणतं म्हणायचं तुमचं?"