सासूची परीक्षा

“हे कोणतं वाक्य?” बाईंनी फळ्यावर खडू टेकवला.

लालपेननं हात वर केला आणि मुद्दाम चुकीचं उत्तर दिलं. “संयुक्त.”

“केवल. कर्ते दोन असले तरी क्रियापद एकच आहे ना? मग दुसरं वाक्य कुठून पैदा केलंस?” बाई म्हणाल्या, पण ओरडल्या नाहीत. लालपेननं मनातल्या मनात त्यांना एक गुण देऊन टाकला.

लालपेन हे तिचं कचेरीतलं नाव. इंग्रजी व्याकरणाची पुस्तकं छापायला जाण्याआधी तिच्या हाताखालून जात, आणि तिच्या तावडीतून स्वल्पविरामही सुटत नसे. लग्नाच्या बाबतीत तिनं तोच खाक्या ठेवला. मुलगा पसंत होता, पण राहायचं होतं त्याच्या आईबरोबर. पाहुणी म्हणून गेलं की सगळेच गोड बोलतात, असं तिचं म्हणणं. म्हणून त्याला गप्प राहायची तंबी देऊन ती होणाऱ्या सासूच्या संध्याकाळच्या वर्गातच येऊन बसली होती. कपड्यांच्या दुकानात काम करते, इंग्रजी कच्चं आहे, असं सांगून.

वर्ग मोठ्या माणसांचा. कुणी बढतीसाठी शिकत होतं, तर शेजारची नर्स परदेशातल्या नोकरीसाठी. एकदा ती लालपेनच्या वहीत डोकावून म्हणाली होती, “वाक्याचे तुकडे बरोबर पाडतेस, मग उत्तरच कसं गं चुकतं?” लालपेननं हसून वेळ मारून नेली.

बाई तिला आवडू लागल्या. उशिरा येणाऱ्याला त्या टोमणा मारत, पण कळलं नाही म्हणणाऱ्याला कधीच नाही. सासू म्हणून पास, असं तिनं जवळजवळ ठरवूनच टाकलं.

आणि मग बाई चुकल्या. ‘बट’नं जोडलेल्या दोन सरळ स्वतंत्र वाक्यांना त्या संयुक्तऐवजी मिश्र म्हणाल्या. बोलण्याच्या ओघात झालं असेल, असं लालपेनला वाटलं. पुढच्या तासाला ‘अँड’च्या वाक्याचं तेच झालं. तिचा हात अर्ध्यावर उठला आणि खाली आला. बोलावं तर सोंग उघडं पडणार. शिवाय भर वर्गात चूक काढणाऱ्याचं तोंड आई पुन्हा बघत नाही, असं होणाऱ्या नवऱ्यानं आधीच बजावलं होतं. तिला रागापेक्षा वाईटच जास्त वाटलं. बाईंचं वय होत चाललं होतं, आणि मुलाला त्याचा पत्ताच नव्हता.

आज, परीक्षा तोंडावर आलेली असताना, बाईंनी फळ्यावर इंग्रजीत लिहिलं, ‘ती घरी थांबली कारण तिचं मूल आजारी होतं.’ मधोमध ठसठशीत ‘बिकॉज’. खाली उत्तर, संयुक्त.

नर्सनं पेन्सिल उचलली. लालपेननं तिच्याकडे पाहिलं. हिची नोकरी असल्याच उत्तरांवर अडून होती.

ती उठून उभी राहिली. “बाई, हे मिश्र आहे.”

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “इथे शिकवतं कोण?”

“तुम्ही. पण हे चुकीचं आहे.” तिचा आवाज जराही हलला नाही. “‘बिकॉज’पासूनचा तुकडा एकटा उभा राहत नाही, आधीच्या वाक्याला टेकून राहतो. म्हणजे तो गौण. मागची दोन वाक्यंही चुकली होती, मी तेव्हाच बोलायला हवं होतं. यांची परीक्षा आहे, बाई. माझ्यावर रागवा, पण फळा दुरुस्त करा.”

लग्न मोडलं तर मोडलं, तिनं मनाशी म्हटलं, आणि नजर खाली वळवली नाही.

बाईंनी ‘संयुक्त’ पुसलं, तिथे ‘मिश्र’ लिहिलं आणि हाताचा खडू झटकला. मग त्या सावकाश वर्गाकडे वळल्या.

“काय, म्हटलं नव्हतं मी? तिसऱ्या चुकीला बोलेल म्हणून?”

“म्हटलं होतं, बाई. मुलाच्या फोनमधल्या फोटोवरून हिला ओळखलंत, त्याच दिवशी.” नर्सनं एक अक्षरही न लिहिता पेन्सिल खाली ठेवली. “आता सूनबाईंची परीक्षा संपली असेल, तर आमची तयारी करून घ्या.”