काळ्या रेघांची भिंत

मास्तरांनी शेवटच्या रंध्याभोवतीची काळी रेघ पुरी केली, ब्रश डब्यात बुडवला आणि कसं दिसतंय ते बघायला जरा मागे सरकले. उभा जन्म लोकांचे कपडे शिवण्यात गेलेला; लाकडाशी त्यांचा संबंध फूटपट्टीपुरता. तरी भिंत झकास झाली होती. पिवळ्या प्लायवर प्रत्येक हत्याराची आकृती होती. करवतीची, ठोकायच्या लाकडी मोगरीची, काटकोन तपासायच्या गुण्याची, लहानमोठ्या पटाश्यांची. जिथे ज्याचा आकार, तिथे ते खिळ्याला अडकवायचं. शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

ही दुसरी खेप. पहिल्या वेळी हात शिंप्याचा पडला. कापडावर सोडतात तशी त्यांनी प्रत्येक आकृतीभोवती बोटभर माया सोडली, आणि कानशीच्या जागी पटाशी बसू लागली, पटाशीच्या जागी स्क्रूड्रायव्हर. मिस्त्री पूर्वीसारखी असती तर पोट धरून हसली असती आणि गल्लीभर सांगत सुटली असती. तिने नुसतं बघितलं. मग मास्तरांनी सगळी भिंत घासून काढली आणि नव्याने आखली, या वेळी रेघ हत्याराला चिकटून.

मिस्त्री म्हणजे त्यांची बायको. गॅरेजमधला हा कारखाना तिचा. खण, कप्पे, स्क्रूंच्या डब्यांची मांडणी, तिरका काप नेमका यावा म्हणून केलेले फर्मे, सगळं तिने स्वतःच्या हाताने केलेलं. अलीकडे मात्र तिथे तिला काही सापडेना, आणि घरात नको तिथे नको ते सापडू लागलं. पटाशी पिठाच्या डब्यात निघाली. करवत निघाली नातीच्या पांघरुणाखाली. त्या दिवशी लेकीने कुलूप विकत आणलं.

आता ती ते कुलूप घेऊन दारात उभी होती.

"बाबा, ठरलंय ना आपलं? सगळी हत्यारं जागेवर लावायला तिला जमलं तर उघडं ठेवू. नाही जमलं तर आजच बंद."

"ठरलंय. पण मध्ये बोलायचं नाही. खुणावायचंही नाही."

"मी कशाला खुणावू? तुम्हीच खुणावाल."

हे खरंच होतं. कुलूप लागलं की मिस्त्री दिवसभर खिडकीशी बसून राहणार, आणि बसल्या जागी थोडी थोडी संपत जाणार, हे मास्तरांना स्वच्छ दिसत होतं. त्यांना मनापासून भीती वाटत होती.

मिस्त्री आत आली. खुंटीवरचा एप्रन तिने न बघता ओढून बांधला. टेबलावर सगळी हत्यारं ढिगाने पडली होती.

"हा पसारा कोणी केला?" ती म्हणाली आणि कामाला लागली.

मोगरी गेली. दोन्ही रंधे गेले. करवत तिने एकदा उलटी धरली, थांबली, फिरवली आणि बरोब्बर आकारात बसवली. पटाशी हातात आल्यावर मात्र तिने धारेवरून अंगठा फिरवला आणि कपाळाला आठी घातली.

"ही बोथट आहे. माझी पटाशी बोथट नसते."

 तिला लागू नये म्हणून आठ दिवस खपून मास्तरांनीच एकूण एक धार बोथट करून टाकली होती.

"धार लावायची राहिली आहे," ते कसेबसे म्हणाले.

"लावून घ्या. बोथट हत्यारच हात कापतं."

तिने पटाशी टांगली. शेवटी उरला गुण्या. तो हातात घेऊन ती भिंतीभर बघत राहिली. नजर त्या रिकाम्या आकृतीवरून गेली, पुन्हा आली, पुन्हा गेली. आपण बघितलं की खूण होईल, म्हणून मास्तरांनी डोळे मिटून घेतले. खिळ्यावर लोखंड वाजलं तेव्हाच उघडले. गुण्या जागेवर होता, आणि मिस्त्री एका बोटाने तो सरळ करत होती.

लेकीने कुलूप पर्समध्ये टाकलं. "जिंकलात, बाबा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज ओला होता.

मास्तरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. हत्यारांच्या शेजारी भिंत मोकळी होती, तिला ते ऐटीत टेकून उभे राहिले.

"काय मिस्त्री, आहे की नाही फर्स्टक्लास?"

मिस्त्रीने एप्रनला हात पुसले. रिकामं टेबल बघितलं, टेबलाखाली वाकून बघितलं. मग तिची नजर मास्तरांवर आली. एखादी फळी निरखावी तसं तिने त्यांना डोक्यापासून पायापर्यंत निरखलं.

"सगळ्यांच्या जागा लागल्या," ती अदबीने म्हणाली. "भाऊ, तुमची कुठली?"

उभ्या संसारात ते तिचे 'अहो' होते, चारचौघांत 'मास्तर', भांडणात 'ओ शिंपी'. भाऊ कधीच नव्हते. लेक दारातून पुढे सरसावली. मास्तरांनी मान हलवून तिला थांबवलं.

"माझी... अजून आखायची राहिली आहे," ते म्हणाले.

"असं करू नये. जागा नसली की वस्तू हरवते."

तिने एप्रनच्या खिशातून पेन्सिल काढली आणि टोक त्यांच्या कानाशी भिंतीवर टेकवलं.

"हलू नका, भाऊ."

पेन्सिल कानावरून मानेशी आली, खांद्यावर वळली, दंडाच्या कडेने खाली उतरू लागली. तिचा हात जराही कापत नव्हता. मास्तरांच्या डोळ्यांतलं पाणी गालावरून हनुवटीपर्यंत आलं होतं, तिथे खाजत होतं. ते पुसायला त्यांनी हात हलवला नाही.