चिकटपट्टीचे तीन वेढे

"अजून एक वेढा मार," मास्तर म्हणाले.

बायकोने चिकटपट्टीचा तिसरा वेढा मारला आणि मास्तरांचा उजवा तळवा ड्रमच्या काठीला जखडून टाकला. डावा आधीच बांधून झाला होता. पट्टी कातडीच्या रंगाची, त्यामुळे खालून कोणाच्या बापाला कळणार नव्हतं. ग्रीनरूमला आतून कडी होती.

दोन वर्षं झाली, मास्तरांच्या करंगळीत आणि शेजारच्या बोटात जीव नव्हता. काठ्यांना मेण चोळून झालं, रबर गुंडाळून झालं. घाम आला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. गेल्या कार्यक्रमात तर काठी उडाली ती थेट पुढे गाणाऱ्या बाईंच्या मानेवर बसली. बाई म्हणजे हीच बायको. लोक खुर्चीतून पडेपर्यंत हसले. तिने गाणं तोडलं नाही. घरी येऊन आरशासमोर मुकाट्याने मलम लावलं.

ऑर्केस्ट्राच्या मालकांनी मात्र स्पष्ट सांगितलं होतं. "मास्तर, बावीस वर्षांचा संबंध आहे म्हणून आजची एक संधी. काठी पडली की खुर्ची सोडायची. नवा माणूस बघून ठेवलाय." तो नवा माणूस आज पहिल्या रांगेत पाय पसरून बसला होता.

पट्टीची युक्ती बायकोचीच. गाण्यांची यादीही तिनेच केली. आठ गाणी, आठही धडाक्याची.

"सुटणार नाही ना गं?"

"एक वेळ तुम्ही सुटाल, काठी नाही सुटायची." तिने त्यांच्या कपाळावरचा घाम रुमालाने टिपला. मास्तरांना भरून आलं. गेल्या जन्मी काहीतरी पुण्य केलं असणार, असं त्यांना वाटलं.

सात गाणी त्यांनी नुसती झोडपून काढली. पट्टीखाली कातडी सोलवटली, पण काठी जागची हलली नाही. लोक शिट्ट्या मारत होते. विंगेत मालक मान डोलावत होते. खुर्ची वाचली! मास्तर मनातल्या मनात म्हणाले.

बायको माइकपाशी गेली. "शेवटचं गाणं बदलतेय. आज काहीतरी हळुवार म्हणावंसं वाटतंय." मग मागे वळून म्हणाली, "ब्रश घ्या ना."

असल्या गाण्याला काठ्या चालत नाहीत. त्या खाली ठेवून तारांचे ब्रश घ्यायचे आणि ड्रमवर नुसते फिरवायचे. विसरली वाटतं बिचारी, मास्तरांना वाटलं. त्यांनी दोन्ही हात किंचित वर करून तिला दाखवले.

तिने हात नीट पाहिले. मग गोड हसून माइकवरच म्हणाली, "अहो, ठेवा की काठ्या खाली. सगळे थांबलेत."

मास्तरांनी पट्टी दातांत धरून ओढली. पट्टी निघेना. आधी मागे कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळा हॉल हसायला लागला. मालक स्टेजवर आले, त्यांनी मास्तरांचे हात उलटेपालटे करून पाहिले आणि एवढंच म्हणाले, "उठा."

मास्तर उठले. पहिल्या रांगेतला माणूस येऊन त्यांच्या खुर्चीवर बसला. त्याने कोटाच्या आतल्या खिशातून ब्रश काढले आणि कोणतं गाणं, हे कोणालाही न विचारता वाजवायला सुरुवात केली.