बापानं देल्लेला गळ

विहिरीत बादली पडली की बाया अनसूयाबाईकडून लोखंडी गळ मागून न्यायच्या, आणि तो परत येईस्तोवर आपलं एक पितळी भांडं तिच्या फळीवर ठेवायच्या. गावाची रीतच होती तशी. एकसष्टच्या उन्हाळ्यात तांड्यावरच्या सुखीबाईनं घागर ठेवून गळ नेला, पण अनसूयाबाईनंच दिलेला दोर तुटला आणि गळही बादलीच्या सोबतीला गेला. "माह्या बापानं देल्लेला एकच गळ होता वं!" म्हणत अनसूयाबाईनं कपाळ बडवून घेतलं, आणि घागर ठेवून घेतली.

सुखीबाईचा नवरा खेमसिंग पट्टीचा पाणबुड्या. पहिल्या बुडीत त्यानं बादली काढली, दुसरीत गळ. तळाच्या चिखलात हाताला आणखी काहीतरी टोचलं होतं, म्हणून त्यानं तिसरी बुडी मारली, तर वर आले आणखी तीन गळ. चारही एकाच लोहाराच्या हातचे, आणि चारहींच्या कडीला तोच कुजका दोर. हां हां म्हणता मागच्या साली भांडी गमावलेल्या तिघीजणीही धावत आल्या.

खेमसिंगनं ओले गळ अनसूयाबाईच्या ओट्यावर मांडले. "घ्या बाई, तुमचे गळ. आता काढा सगळ्याईचे भांडे."

तिनं एकेक गळ उलटापालटा करून पाहिला.

"माह्या बापानं तं एकच देल्लता, भाऊ. याच्यातला तो कोनता, हे समजल्याबिगर मी कोनाचं भांडं काढू?"