न निघालेलं बूच

आज नव्या फादरनी प्रवचनात सहज सांगून टाकलं, “बाप्तिस्म्याआधी गेलेली बाळंही देवाच्याच कुशीत असतात.” हेच चाळीस वर्षांपूर्वी सांगितलं असतं, तर माझ्यासारख्या सुईणीला खोटं बोलावं लागलं नसतं! तेव्हाचे फादर म्हणायचे, बाप्तिस्मा नाही तर स्वर्ग नाही, दफनभूमीत जागाही नाही. त्या पहाटे खाली भट्टीत पाव फुलत होते, वर बेकरीवालीचं बाळ माझ्या हातात कसंबसं श्वास घेत होतं. अशा अडीअडचणीला सुईणीनं पवित्र पाणी शिंपडून दिलेला बाप्तिस्माही चालायचा, पण बाटलीचं बूच ओढेपर्यंत श्वास थांबलाच. मी सगळ्यांना बेधडक सांगितलं, “बाप्तिस्मा झालाय.” बाळाला जागा मिळाली, मला नरकाची धास्ती. आज प्रवचन ऐकून बाहेर पडताच चर्चच्या पायरीवरच बेकरीवालीला गाठून सगळं कबूल केलं. ती हसली. “मावशी, ते बूच निघालंच नव्हतं, मी खाटेवरून पाहिलं होतं. बाळ देवाकडेच गेलं, मला ठाऊक होतं. चाळीस वर्षं प्रार्थना केली, ती तुमच्यासाठी.”