मोठ्या बाईंची दुपारची फेरी

मोठ्या बाई सातवीच्या दारात पोचल्या, तर आत टेबलावर एक मोठ्या बाई आधीच उभ्या होत्या. नाकाच्या टोकावर चष्मा, हातात पट्टी, आणि "मी सगळं बघतेय हं" हा त्यांचा लांबवलेला सूर. पोरगं नक्कल छान करत होतं. वर्ग हसून लोळत होता. मग पहिल्या बाकाला खऱ्या बाई दिसल्या आणि हसू एकेक बाक विझत मागे गेलं. टेबलावरच्याला सगळ्यांत शेवटी कळलं.

"खाली उतर, पडशील," बाई म्हणाल्या आणि निघून गेल्या.

त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना दुसरंच काही खात होतं. वीस वर्षं त्या या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. वीस वर्षं रोज त्यांनी वर्गांवरून फेऱ्या मारल्या, आणि प्रत्येक वर्ग त्यांना पुस्तकात डोकं घालून बसलेला दिसला. बाहेरून शाळा बघायला आलेले लोक तोंडात बोट घालत. तुम्ही हे कसं जमवता, असं विचारत. ओरडावं लागत नाही, नजर पुरते, असं बाई सांगत.

यंदा सकाळची शाळा पाचपर्यंतची झाली, आणि सगळं बिनसलं. सकाळी वर्ग चिडीचूप. दुपारी मात्र कुठे खडूंची लढाई, कुठे बाकांची आगगाडी. शाळा तीच, मुलं तीच, नजरही तीच. म्हणजे आपलंच वय झालं, वचक गेला, असं बाईंनी स्वतःशी ठरवून टाकलं. शनिवारी संस्थेची बैठक होती. तिथे सांगून मोकळं व्हायचं, की आता दुसरं कुणीतरी बघा. बहिणीला त्यांनी फोनवर सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, अगं, दुपारनंतर माझं घरातलं मांजरसुद्धा ऐकत नाही, तू काय घेऊन बसलीस. बाईंना हसू आलं नाही. मांजरावर कुणी वीस वर्षं घालवलेली नसतात.

दुसऱ्या दिवशी त्यांचा वाढदिवस होता. मधल्या सुट्टीत सातवीची पोरं ऑफिसात शिरली. पुढे वर्गाची मॉनिटर, मागे कालचा टेबलावरचा, मान खाली घालून. मॉनिटरने खोका पुढे केला.

आत बाईंचाच परफ्यूम होता. बाईंचे कपडे साधे, पर्स दहा वर्षांची, पण परफ्यूम मात्र उंची. तेवढी एकच चैन त्या करत. या बाटलीचा आकारही तोच होता, फक्त काच गडद होती.

मॉनिटरची मावशी परफ्यूमच्या दुकानात कामाला होती. मॉनिटरने अगदी मावशीच्या थाटात समजावलं, की वास तोच आहे, पण यात अर्क जास्त, म्हणून तो दाट येतो आणि सकाळी लावला की संध्याकाळपर्यंत हलत नाही. भेट सगळ्या शाळेने मिळून आणली होती. सगळ्यांत जास्त उत्साह शेवटच्या बाकांवर होता, हेही तिने सांगून टाकलं.

बाईंनी बाटली जपून टेबलावर ठेवली. नेमकं आता, जायच्या वेळी, हे प्रेम.

खोक्याच्या तळाशी घडी घातलेला एक कागद होता. बाई विज्ञान शिकवत. करून बघितल्याशिवाय काही खरं मानायचं नाही आणि जे कराल त्याला निरीक्षणांचा तक्ता जोडायचा, हे त्यांनीच पोरांच्या अंगी मुरवलं होतं. मॉनिटरने सवयीने जोडला होता. समास आखलेला, शीर्षक मधोमध, खाली दोन रेघा. बाई कौतुकाने वाचू लागल्या.

डावीकडे लिहिलं होतं 'वेळ'. उजवीकडे, 'बाई येत आहेत हे केव्हा कळते'.

जुना परफ्यूम. आठ वाजता: बाई जिन्याच्या वळणावर असताना. दहा वाजता: पाण्याच्या नळापाशी असताना. बारा वाजता: वर्गाच्या दारात असताना. दोन वाजता: बाई आत आल्यावर.

नवा परफ्यूम, मावशीने रुमालावर मारून दिलेला. आठ वाजता: जिन्याचे वळण. दोन वाजता: जिन्याचे वळण. पाच वाजता: जिन्याचे वळण.

बाईंनी कागद दोनदा वाचला. वीस वर्षं एकच वास लावून त्यांच्या स्वतःच्या नाकाला तो केव्हाच येईनासा झाला होता. तो दुपारी उडून जातो, हे त्यांना कळणार कसं? तो त्यांच्या नजरेच्या आधी वर्गात पोचतो, हे तर त्याहून कसं कळणार? वीस वर्षांचा वचक त्यांच्या समोर टेबलावर होता, बूच लावलेला.

मॉनिटरचा चेहरा पांढराफटक पडला. हा तक्ता आपल्यापुरता ठेवायचा होता, हे तिच्या आत्ता लक्षात आलं.

"म्हणजे मी येण्याआधीच तुम्हाला पत्ता लागतो," बाई म्हणाल्या.

टेबलावरचा पुटपुटला, "बाई, हल्ली दुपारी वर्गात आलात तरी तुम्ही ओरडतसुद्धा नाही. तोंड एवढंसं होतं तुमचं. तसं परत नको व्हायला."

बाईंनी लाल पेन काढलं, तक्त्याखाली 'अंतर पावलांत मोजावे' असं लिहिलं, दहापैकी नऊ दिले आणि पोरांना वर्गात पिटाळलं. दार लागल्यावर त्या एकट्याच इतक्या हसल्या, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

शनिवारच्या बैठकीत सगळे विषय संपले. अध्यक्षांनी फाईल मिटता मिटता विचारलं, की बाई, तुम्हाला काही महत्त्वाचं सांगायचं होतं ना?

"हो," बाई म्हणाल्या. "जिन्याच्या वळणावर एक मोठा पंखा हवा. वर्गांकडे तोंड करून."