नवा सायलेन्सर

सम्मेदनं दोन वर्षं खपून कमी आवाजाचा सायलेन्सर तयार केला होता, आणि त्याची चाचणी आज वडिलांच्या, भूपालअण्णांच्या, जुन्या डिझेल टेम्पोवर होती. अंगणात कंपनीचे दोन साहेब उभे होते. पोराची नोकरी राहणार की जाणार, हे आजच ठरायचं होतं. पलूसहून सांगलीच्या पेठेत हळद पोचवण्यात भूपालअण्णांची सगळी हयात त्या केबिनमध्ये गेली होती; आजही चावीपाशी तेच बसले होते.

जुना सायलेन्सर काढून बाजूला टाकलेला त्यांनी पाहिला होता. टेम्पोमागून सम्मेदनं ओरडून बरंच काही सांगितलं. त्यातलं "चालू करा, अण्णा" एवढंच त्यांना नीट कळलं.

त्यांनी श्वास रोखून चावी फिरवली. पायाखालचा पत्रा हादरला, पण धडधडाट असा नव्हताच. पलीकडच्या गल्लीत पिठाची गिरणी चालावी, एवढाच आवाज.

अण्णांच्या जिवात जीव आला. ते उतरून घाईनं मागं गेले.

"जमलं रं, सम्मेद. इंजिन चालू हाय का बंद, त्येबी कळंना."

दोन्ही साहेबांनी कान गच्च दाबून धरले होते, दारात उभ्या सम्मेदच्या आईनं, गुणमालाबाईंनीही.

सम्मेद अण्णांकडं नुसता बघत राहिला.



नवा सायलेन्सर अजून त्याच्या हातातच होता.